पायाच्या फुगलेल्या शिरा व न भरणारी जखम : फेसाच्या उपचाराचा परिचय

धान्याचा व्यापार हा बहुतांशी उभ्याने करावयाचा व्यापार आहे. गादीवर बसून कीर्द-खतावणी लिहिणारा एखादाच. परंतु काट्यापाशी उभा असलेला मापाडी, पोती वाहणारे हमाल आणि गिऱ्हाइकांस माल दाखविणारी मुले सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पायांवर असतात. घरातील भगिनींचा दिवसही ओट्यापाशी उभ्यानेच जातो. आमच्या जोयडा तालुक्यातील भातशेती करणारी मंडळी पावसाळाभर चिखलात उभी असतात. अशांपैकी कित्येकांच्या पोटऱ्यांवर निळसर, वेड्यावाकड्या शिरा फुगलेल्या दिसतात. पुढे काहींच्या घोट्याच्या आतील बाजूची कातडी काळवंडते, खाज सुटते आणि लहानशी जखम होऊन ती महिनोन्महिने भरत नाही. या दुखण्याविषयी सभासद बंधु-भगिनींस चार उपयुक्त गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पायातील रक्त हृदयाकडे वर चढविण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळले जातात व शिरांतील रक्त वर ढकलले जाते. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांत जागोजागी झडपा असतात. आनुवंशिकता, वाढते वय, स्थूलता, गर्भारपण, तसेच दीर्घकाळ उभे राहणे यांमुळे झडपा निकामी झाल्या म्हणजे रक्त खाली साचते आणि घोट्यापाशी दाब वाढतो. मग तेथील कातडीचे पोषण बिघडते व जखम होते. म्हणजे जखम घोट्यावर दिसली, तरी दोष वरच्या शिरेत असतो. गोदामाचे छप्पर गळत असता भिजलेली पोती नुसती उन्हात घालून काय उपयोग? केवळ मलम लावीत राहणे हे तसेच आहे.

यावरील मूळ उपचार म्हणजे पायास योग्य दाबाची पट्टी बांधणे. तो आजही आवश्यक आहे. त्याच्या जोडीस दोषी शिरा बंद करण्याचे उपाय आले. त्यांपैकी एक फेसाचा. शिर बंद करणारे द्रवरूप औषध पूर्वीपासून टोचीत असत. परंतु ते मोठ्या शिरेत रक्तात मिसळून पातळ होई. औषधाचा फेस केला असता तो रक्तास बाजूस सारून शिरेच्या आतील भिंतीस चिकटतो. भिंतीस इजा होऊन शिर आकसते व कालांतराने दोरीसारखी होऊन बंद पडते. रक्त इतर निरोगी शिरांतून वर जाऊ लागते. स्पेनमधील डॉ. हुआन काब्रेरा यांनी 1990 नंतरच्या दशकात अशा सूक्ष्म फेसाचा वापर पुढे आणला. इटलीतील डॉ. लोरेन्झो तेस्सारी यांनी 2000 च्या सुमारास दोन सिरिंजा व तीन तोंडांची तोटी एवढ्याच साधनांनी फेस करण्याची सोपी रीत दाखविली. साधारणतः एक भाग औषध व चार भाग हवा असे प्रमाण असते.

या उपचारास चिरफाड लागत नाही व भूल देऊन झोपवावे लागत नाही. सोनोग्राफीत पाहून सुई शिरेत घालतात, फेस सोडतात, पट्टी किंवा घट्ट मोजा चढवितात आणि रोग्यास लगेच चालावयास सांगतात. रोगी बहुधा त्याच दिवशी घरी जातो.

2018 साली ब्रिटनमधील 450 रोग्यांच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वांस दाबाची पट्टी होतीच. ज्यांच्या दोषी शिरांवर फेस, लेसर इत्यादींनी दोन आठवड्यांच्या आत उपचार केला, त्यांची जखम भरण्याचा मध्यम काळ 56 दिवस होता. ज्यांचा उपचार लांबविला, त्यांचा 82 दिवस. लवकर जाण्यात लाभ आहे, हेच यावरून दिसते.

तथापि हा उपचार सर्वांस लागू नाही. खोलवरच्या शिरेत नुकतीच गुठळी झालेली असल्यास, औषधाची ॲलर्जी असल्यास किंवा गर्भारपणात तो टाळतात. काहींच्या कातडीवर तपकिरी डाग राहतो, क्वचित गुठळी होते किंवा क्षणभर दृष्टी अंधुक होते. बंद झालेली शिर पुन्हा उघडून उपचार परत करावा लागतो, असेही घडते. शिवाय प्रत्येक जखम शिरेचीच असते असे नाही. मधुमेह किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असणे ही कारणे निराळी. रक्तपुरवठा कमी असता घट्ट पट्टी अपायकारक ठरते. म्हणून डॉपलर तपासणीपूर्वी कोणीही मनाने पट्टी आवळू नये.

अशा तपासणीसाठी आमच्या भागातील माणसास बेळगाव, हुबळी किंवा अनमोड घाट उतरून गोव्यातील बांबोळी गाठावी लागते. हमालास एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी व वर गाडीभाडे. त्यामुळे तो जखमेस फडके गुंडाळून कामावर येत राहतो. यासाठी निघण्यापूर्वी डॉपलर व फेसाचा उपचार कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी होतो आणि सरकारी योजनेतून खर्च मिळेल काय, ही चौकशी सुशिक्षित मालकाने करून द्यावी. त्या दिवसाची मजुरी कापू नये. दुकानात काट्यापाशी एक स्टूल ठेवावे, तासाभराने चार पावले चालण्यास व दुपारी पाय उंच करून पडण्यास सवड द्यावी. ज्यांच्या पायांवर आपला व्यापार उभा आहे, त्यांच्या पायांची एवढी काळजी घेणे हे आपले कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.