खिडकी उघडणारा मुलगा

गेल्या दिवाळीतली दुपार. फराळ झाला होता, घरातली मोठी माणसे आडवी झाली होती आणि नऊ वर्षांचा नातू टिकल्यांचे पिस्तूल घेऊन दिसेल त्याला ‘मारत’ सुटला होता. टिकल्यांची डबी संपली तसा तो कंटाळून माझ्याजवळ येऊन बसला. त्याला गुंतवावे म्हणून मी ‘द आयर्न जायंट’ लावला. मला हा चित्रपट फार आवडतो. अपवाद फक्त त्याच्या शेवटच्या दोन मिनिटांचा. सगळे जुळून आल्यावर पटकथाकाराने मुलांच्या डोळ्यांतले पाणी पुसण्यासाठी जोडलेले शेपूट, असे मी त्या दोन मिनिटांबद्दल अनेकांना सांगत आलो होतो.

चित्रपट संपला. नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आबा, हे खोटं आहे ना? तो मेला होता.”

माझेच मत नऊ वर्षांच्या तोंडून ऐकताना मला बरे वाटायला हवे होते. तसे वाटले नाही. मुलाने फसवणूक पकडली होती की माझ्यासारखाच तोही घाई करत होता? दुसऱ्या दिवशी मी कागद-पेन्सिल घेऊन चित्रपट पुन्हा पाहिला. प्रत्येक प्रसंग कुठे येतो आणि पुढे कुठे उगवतो, ते टिपून ठेवले. आजचा लेख म्हणजे त्या टिपणांचा जमाखर्च आहे.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ब्रॅड बर्ड या दिग्दर्शकाचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. तो ऑगस्ट १९९९ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि सपशेल पडला. जगभरातून त्याने मिळवले ते सुमारे तीन कोटी डॉलर. खर्चाच्या मानाने ही रक्कम फारच थोडी होती. पुढे व्हिडिओ आणि दूरचित्रवाणीवरून तो घराघरांत पोचला, आणि आज जाणकार त्याचे नाव उत्तम ॲनिमेशनपटांत घेतात. याच बर्डने नंतर ‘द इन्क्रेडिबल्स’ आणि ‘रॅटटूई’ केले.

कथेचा काळ १९५७ चा ऑक्टोबर. त्याच महिन्याच्या ४ तारखेला सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला होता आणि अमेरिकन माणूस रात्री आभाळाकडे धास्तावून पाहू लागला होता. चित्रपटाचे पहिले दृश्यच पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्पुटनिकचे आहे. त्याच्या बाजूने एक अज्ञात वस्तू खाली येते आणि मेन राज्याच्या किनाऱ्यावर, वादळात, समुद्रात पडते. तो असतो एक प्रचंड लोखंडी माणूस. त्याच्या डोक्याला पोचा पडला आहे. आपण कोण, कशासाठी आलो, हे त्याला आठवत नाही. रॉकवेल गावातला होगार्थ ह्यूजेस हा नऊ वर्षांचा मुलगा त्याला शोधून काढतो, आणि दोघांची मैत्री जमते.

मूळ गोष्ट इंग्रज कवी टेड ह्यूज यांची. ‘द आयर्न मॅन’ हे त्यांचे छोटे पुस्तक १९६८ मध्ये आले. त्या पुस्तकातही लोखंडी माणूस आहे, होगार्थ आहे, भंगाराचे आवार आहे. मात्र तिथे उत्तरार्धात अवकाशातून एक अवाढव्य ड्रॅगन येऊन ऑस्ट्रेलियावर उतरतो, आणि लोखंडी माणूस त्याला आगीत टिकून राहण्याचे आव्हान देऊन जिंकतो. बर्डने हा ड्रॅगनच काढून टाकला. आता प्रश्न असा, की शत्रू काढल्यावर गोष्टीत उरते काय? बर्डने तो शत्रू जायंटच्या पोटात नेऊन ठेवला. हा लोखंडी जीव म्हणजे युद्धासाठी घडवलेले एक यंत्र आहे. त्याच्यावर शस्त्र रोखले की त्याचे डोळे लाल होतात आणि अंगातून तोफा बाहेर येतात; त्याच्या इच्छेचा तिथे संबंध राहत नाही. सगळ्या कथानकाचा कणा या एका बदलात आहे.

या बदलामागे एक खासगी दुःखही आहे. बर्ड यांची बहीण १९८९ मध्ये बंदुकीच्या गोळीने गेली. बंदुकीलाच आत्मा असता आणि तिला बंदूक व्हायचे नसते तर, या एका कल्पनेवर त्यांनी हा चित्रपट स्टुडिओपुढे मांडला. चित्रपट पाहताना हे ठाऊक असण्याची गरज नाही. ठाऊक झाल्यावर मात्र त्यातली एकही बंदूक सहज म्हणून आलेली वाटत नाही.

आता माझ्या टिपणांकडे वळतो. जुने कीर्तनकार पूर्वरंगात जे सूत्र मांडत, त्याचाच पडताळा उत्तररंगातल्या आख्यानात देत. या चित्रपटाचा पूर्वार्ध असाच भरलेला आहे, फक्त तो हसतखेळत येतो म्हणून लक्षात येत नाही.

पहिल्या रात्री होगार्थ छऱ्याची बंदूक घेऊन रानात जातो. वीजकेंद्रातल्या तारांत अडकलेल्या जायंटला पाहून तो घाबरून पळतो, पण मागे वळतो आणि खटका ओढून वीज बंद करतो. ओळख होते ती या दयेतून. पण ती बंदूक तिथेच राहते, चिरडलेली, आणि तिच्यावर त्याचे अर्धे नाव असते. सरकारी गुप्तहेर केंट मॅन्सलीला त्याच बंदुकीवरून होगार्थचा माग लागतो. मुलाच्या दयेने मित्र मिळाला, मुलाच्या बंदुकीने शत्रू घरी आणला. दोन्ही गोष्टी एकाच जागी, एकाच रात्री घडल्या आहेत, आणि चित्रपट याबद्दल एक शब्दही बोलत नाही.

पुढे जायंट रेल्वेचे रूळ खातो, गाडी येऊन धडकते आणि त्याचे तुकडे होतात. पाहता पाहता ते तुकडे आपापले सरपटत येतात आणि पुन्हा जुळतात. एक हात तर चुकून होगार्थच्या घरात शिरतो आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी धमाल उडवतो. आपण पोट धरून हसतो. हसताना आपल्याला एक माहिती देऊन झालेली असते: हा मोडला तरी जुळतो.

मग होगार्थ त्याला चित्रकथांची पुस्तके दाखवतो. त्यांत एक विध्वंसक यंत्रमानव आहे आणि एक सुपरमॅन. जायंटची नजर यंत्रमानवाच्या चित्राकडे जाते, कारण तो त्याच्यासारखा दिसतो. होगार्थ त्याला समजावतो, तू तसा नाहीस, तू सुपरमॅन आहेस. दिसणे एक आणि होणे एक, ही फोड इथे मुलाच्या भाषेत झाली.

चित्रपटाच्या बरोबर मध्यावर हरणाचा प्रसंग येतो. रानात एक हरीण दिसते. जायंट हळूच बोट पुढे करतो, हरीण हुंगते आणि निघून जाते. थोड्या वेळाने गोळीचा आवाज. शिकारी जायंटला पाहून बंदूक टाकून पळतात. जायंट मेलेल्या हरणाला बोटाने हलवून पाहतो. ते उठत नाही. समोर पडलेली बंदूक दिसताच त्याचे डोळे क्षणभर लालसर होतात. त्या रात्री तो होगार्थला मरणाबद्दल विचारतो. होगार्थचे उत्तर त्याच्या वयाचे आहे: मरण वाईट नाही, मारणे वाईट, आणि आत जो आत्मा असतो, तो मरत नाही. हे आपण आपल्या घरीही ऐकत आलो आहोत, म्हणून चटकन पटते. पण इथे ते सांत्वन म्हणून सांगून सोडून दिलेले नाही. शेवटपर्यंत ते कसाला लागणार आहे.

सगळ्यात भीतीदायक प्रसंग त्यानंतरचा, आणि त्यात खलनायक हजरच नाही. छातीवर सुपरमॅनचे अक्षर लावून जायंट होगार्थशी खेळतो आहे. होगार्थ खेळण्यातली बंदूक त्याच्यावर रोखतो. डोळे लाल होतात, किरण सुटतो, आणि भंगारवाला डीन वेळेवर मुलाला ओढून घेतो म्हणून तो वाचतो. भानावर आल्यावर जायंटला आपण काय करणार होतो ते कळते आणि तो पळून जातो. नातवाने या ठिकाणी मांडीवरचे पिस्तूल उचलून गादीखाली सरकवले. मी पाहिले, पण काही बोललो नाही.

मॅन्सलीचे पात्रही अशाच काटकसरीने रचले आहे. होगार्थची आई ॲनी एकटीने घर चालवते. वडील दिसतात ते पलंगाशेजारच्या फोटोतल्या वैमानिकात. खोली भाड्याने द्यायची म्हणून आई मुलाला प्राणी पाळू देत नाही, आणि त्याच खोलीत भाडेकरू म्हणून येतो तो मॅन्सली. शाळेत मुलांना अणुबाँब पडला तर बाकाखाली लपायला शिकवणारी फिल्म दाखवतात. मॅन्सली जनरलच्या हातातला रेडिओ हिसकावून पाणबुडीला क्षेपणास्त्र सोडण्याचा हुकूम देतो, तेव्हा जायंट कुठे उभा आहे हे तो विसरतो. जायंट गावातच आहे. म्हणजे गावही जाणार आणि मॅन्सलीही. चूक कळल्यावर तो तेच शाळेतले उपाय सुचवतो. यातून कुणी वाचत नाही, हे जनरल त्याला तोंडावर सांगतो. भीतीने पछाडलेला माणूस आपल्याच पायाखाली सुरुंग लावतो, हे यापेक्षा कमी शब्दांत सांगता येणार नाही.

इथून पुढे प्रत्येक जुने देणे फेडले जाते. पूर्वी होगार्थ जायंटला रानात सोडून निघाला होता तेव्हा त्याने बजावले होते, तू इथे थांब, मी जातो, मागे यायचे नाही. आता जायंट तेच शब्द होगार्थला सांगतो आणि क्षेपणास्त्राकडे झेप घेतो. टक्कर होण्याआधी डोळे मिटून तो एकच शब्द उच्चारतो: सुपरमॅन. त्या एका शब्दामागे चित्रकथांची रात्र, हरीण, खेळण्यातली बंदूक, सारे उभे आहे; म्हणून तिथे भाषण लागत नाही.

आणि मग ती वादाची दोन मिनिटे. जनरल होगार्थला एक लहानशी पेटी पाठवतो. तिच्यात जायंटचा एक स्क्रू आहे, सापडलेला एकमेव भाग. रात्री तो स्क्रू टिकटिकत खिडकीकडे जाऊ लागतो. होगार्थ खिडकी उघडून त्याला जाऊ देतो. आइसलँडच्या हिमनदीवर तुकडे गोळा होऊ लागतात. तिथे बर्फात पडलेल्या जायंटच्या मस्तकाचे डोळे उघडतात.

हे शेपूट आहे का? माझ्या टिपणांतून तसे दिसत नाही. तुकडे जुळतात हे आपल्याला आधीच दाखवलेले होते. आपण हसण्यात विसरलो, हा आपला दोष. आत्मा मरत नाही, हे होगार्थचे बोलणे इथे लोखंडाच्या भाषेत पुन्हा मांडले आहे. त्यागाचे मोलही कमी होत नाही, कारण झेप घेताना आपण परत जुळू असा हिशेब जायंटने केल्याचे कुठेच दिसत नाही. तो निरोप घेऊन गेला होता.

मला खरी गोष्ट दिसली ती याहून साधी. चित्रपटात होगार्थ प्रथम येतो तेव्हा त्याच्या खोक्यात एक खार आहे आणि आईकडे त्याची एकच विनवणी आहे: हिला आपण ठेवून घेऊ या ना? एकट्या मुलाला काहीतरी आपल्यापाशी ठेवायचे आहे. पुढे त्याला जगातला सगळ्यात मोठा सवंगडी मिळतो, त्यालाही तो लपवून ठेवू पाहतो. शेवटी त्याच्या हातात त्या सवंगड्याची एकच खूण उरते. ती पेटीत बंद करून जन्मभर उशाशी ठेवता आली असती. तो खिडकी उघडतो. मी इतकी वर्षे ती दोन मिनिटे जायंटची समजत होतो. ती होगार्थची आहेत. मोठ्याने गावासाठी स्वतःला सोडले, तेच धाकट्याने एका स्क्रूपुरते केले.

२०१५ मध्ये या चित्रपटाची वाढीव आवृत्ती आली. तिच्यात जायंटच्या स्वप्नातून त्याच्यासारख्या यंत्रांची फौज दिसते. मला जुनी आवृत्तीच बरी वाटते. त्याला कुणी आणि कशासाठी बनवले, याचे उत्तर मिळाले की आपण त्या बनवणाऱ्यांचा विचार करू लागतो. ते नसले की त्याने स्वतः काय निवडले याकडेच लक्ष राहते. सुटीत मुलांबरोबर पाहणार असाल तर एवढेच सुचवतो, की हरणाच्या प्रसंगानंतर मुले काही विचारू लागली तर चित्रपट खुशाल थांबवा. तो तेवढा वेळ थांबू शकतो.

हे सगळे मी नातवाला त्याच्या भाषेत सांगितले. खार, पेटी, स्क्रू, खिडकी. त्याने नीट ऐकून घेतले, थोडा विचार केला आणि विचारले, “मग त्यानं खिडकी उघडलीच नसती तर?”

मी कागद चाळून पाहिला. एवढे एक टिपायचे राहून गेले होते.