बेलग्रेडला जाणारं दुसरं विमान

गडहिंग्लजला फुटबॉलचं वेड जुनं. एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर स्पर्धा लागली की गावात दुसरा विषय नसतो. मी सकाळी पोरांना सराव देतो. त्यांना मेस्सीची बुटांची कंपनीसुद्धा पाठ. बॉबी चार्ल्टन म्हटलं की तोंडाकडे बघतात. म्हणून गाडीवरून पडून पाय मोडलेला एखादा पोरगा मैदानाकडेला येऊन बसला, की मी चार्ल्टन काढतो.

इंग्लंडच्या उत्तरेला अॅशिंग्टन नावाचं कोळसा खाणीचं गाव. तिथला हा चार्ल्टन. बाप खाणकामगार, आईच्या माहेरी सगळे फुटबॉलवाले. विसाव्या वर्षी पोरगा मँचेस्टर युनायटेडकडून बेलग्रेडला खेळला, दोन गोल केले, सामना 3-3 सुटला. दुसऱ्या दिवशी, 6 फेब्रुवारी 1958 ला, परतीचं विमान इंधनासाठी म्युनिकला उतरलं. धावपट्टीवर विरघळत्या बर्फाचा राडा. दोनदा उड्डाण सोडून द्यावं लागलं. तिसऱ्यांदा विमान वेग न घेता कुंपण तोडून घरावर आदळलं. 23 माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू. चार्ल्टन आणि व्हायोलेट यांनी संघातल्याच टेलर आणि पेग यांच्याशी जागा बदलल्या होत्या. टेलर आणि पेग दोघेही गेले. चार्ल्टनला गोलकीपर हॅरी ग्रेगनं कमरेला धरून ओढत बाजूला नेलं. ग्रेगला तो मेलेलाच वाटला होता.

डोक्याला जखम झाली, पण हाडं शाबूत राहिली. 1 मार्चला, म्हणजे 23 दिवसांनी, गडी पुन्हा मैदानात! पोरं इथं टाळ्या वाजवतात. मला मात्र पुढची गोष्ट मोठी वाटते. एप्रिलमध्ये स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडकडून पहिला सामना आणि पहिलाच गोल. आणि मे महिन्यात इंग्लंडचा संघ कुठं निघाला? बेलग्रेडला. विमानानं. गेला तो. सामना 5-0 हरला, पण गेला. महिन्याभरानं स्वीडनला वर्ल्ड कप होता. तिथंही त्याला नेलं, पण एकाही सामन्यात उतरवलं नाही. ही बाजू पोस्टरवर कुणी छापत नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत असायला हवं: 1966 च्या वर्ल्ड कप उपांत्य सामन्यात पोर्तुगालविरुद्ध दोन्ही गोल त्याचे, मग विजेतेपद. इंग्लंडसाठी 106 सामने, 49 गोल. 1968 ला वेम्बलीवर बेनफिकाला 4-1 हरवून युनायटेडनं युरोपियन कप जिंकला, तेव्हा कप्तान तोच, दोन गोलही त्याचेच. त्या संघात म्युनिकमधून वाचलेला बिल फोक्सही होता, आणि मॅनेजर मॅट बझबीसुद्धा. रात्री सगळे जेवणाला जमले. चार्ल्टन मात्र खोलीतच थांबला.

"सर, मग 23 दिवसांत उतरला ते बरोबर की चूक?" प्लास्टरवाला पोरगा हमखास विचारतो. बाहेर त्याला रोज कुणीतरी हटकत असतं, "काय रे, कधी उतरतोयस?" मी सांगतो, डोक्याला लागलेल्याला आजचा डॉक्टर इतक्या लवकर सोडणार नाही. आणि बाबा, युनायटेडकडे अकरा जण जमवायचीच पंचाईत होती. आपल्याकडे बेंचवर सात पोरं नंबर लागायची वाट बघत बसलीत. तू घरी जा.