मांडीवरचा धीर

आमच्या नातवाचा दीड महिन्याचा डोस चुकला, तो त्याच्या आजारपणाने नव्हे, माझ्या हळवेपणाने. त्या सकाळी त्याला किंचित सर्दी होती. "आज नको, पुढच्या खेपेस पाहू," असे मी म्हटले आणि सूनबाईंनी माझा मान राखला. पुढच्या खेपेस घरात लग्नकार्य निघाले. अखेर त्याला बारामतीला नेले तेव्हा तो नऊ आठवड्यांचा झाला होता. डॉक्टर रागावल्या नाहीत. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलू नये, एवढेच त्या म्हणाल्या. डांग्या खोकला तान्ह्या बाळांनाच सर्वांत घातक ठरतो. त्यापासून रक्षण करणारी लस तीन आठवडे लांबवली ती मी, हे घरी येताना उमगले.

जन्मताच बीसीजी, पोलिओचे थेंब आणि 'ब' काविळीची लस मिळते. तेव्हा आपण पेढे वाटण्यात गुंतलेले असतो. खरी कसोटी ६, १० आणि १४ आठवड्यांना लागते. सहाव्या आठवड्यात दोन्ही मांड्यांत एकेक आणि उजव्या दंडावर एक अशा तीन सुया, शिवाय पोलिओ व रोटाव्हायरसचे थेंब. घरातील वडीलधाऱ्यांचे काळीज येथेच कच खाते. आपल्या देशातील लसीकरणाचा आरंभ मात्र एका चिमुरडीच्या दंडावर झाला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला देवीची लस टोचली गेली आणि तिच्या दंडावरील फोडातील लस पुढे इतर मुलांना देण्यात आली. तिलाही कोणी आजी असेल काय, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

दुसरा डोस तेराव्या आठवड्यात, भवानीनगरजवळच्या सरकारी लसीकरण सत्रात दिला. गळिताचा हंगाम ऐन भरात होता. आमच्या शेजारी बाकावर ऊसतोडणीस आलेली एक तरुण माता बसली होती. कोपीत राहणारी, मराठवाड्यातून आलेली. मात्र बाळाचे लसीकरण कार्ड तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून आणले होते. गाव बदलले तरी कार्ड दाखवून कोणत्याही सरकारी केंद्रात लस विनामूल्य मिळते, हे तिला आशाताईंनी सांगितले होते. थेंब पाजून झाल्यावर तिने बाळाला मांडीवर घट्ट कवटाळले, पदराआड घेतले आणि ते दूध पीत असतानाच सिस्टरांनी सुई दिली. बाळ कळवळले, रडले आणि क्षणात पुन्हा दुधाला लागले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये हेच सुचवले आहे: लस देताना किंवा त्याच्या किंचित आधी अंगावर पाजावे, बाळाला कडेवर अथवा मांडीवर धरावे. सूनबाईंनी तसेच केले. मी मात्र बाहेर थांबले. ज्याचे हात थरथरतात त्याने बाळ धरू नये, हे मला आता समजले आहे.

त्या दिवशी अंगात सैल झबले असावे, मांडी चटकन मोकळी होते. लस दिल्यावर अर्धा तास तेथेच बसावे. घरी आल्यावर सुईच्या जागी हळद, बाम लावू नये, चोळू नये, शेकूही नये. फार तर गार पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके ठेवावे. एक-दोन दिवस अंग कोमट लागते, मांडी थोडी सुजते. तापाचे औषध बाळाच्या वजनानुसार डॉक्टरांनी सांगितले तेवढेच द्यावे. मध चाटवण्याची आपली जुनी सवय एक वर्षाच्या आत कटाक्षाने टाळावी. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी बारीक फोड येऊन व्रण उरतो, त्यावर उपचार करू नयेत. परंतु बाळ तीन तासांहून अधिक अखंड रडत असेल, निपचित पडले, झटका आला किंवा श्वास घेताना कष्ट झाले, तर घरात चर्चा न करता रुग्णालय गाठावे.

आता सतराव्या आठवड्याचा डोस आहे. दिनदर्शिकेवर ती तारीख मी स्वतः लाल शाईने लिहिली आहे. त्याच दिवशी बारामतीला एका बारशाचे निमंत्रण आहे. आम्ही उशिरा पोहोचू, असे मी कळवून टाकले.