तीस डॉलरांची चाल

गाण्याची चाल एका समाजाची आणि ताल दुसऱ्याचा, असा संसार सुखाचा होतो कीं नाहीं, हा वाद आपल्याकडे नाटकगृहाइतकाच माजघरांतहि रंगत आलेला आहे. त्या वादांत आम्ही आज नवी भर घालीत नाहीं. परंतु अशाच एका दूरच्या संसाराची हकीकत वाचकांस सांगावी, असें पुष्कळ दिवस मनांत होतें. पूर्व युरोपांतील यहुदी लोकांच्या लग्नांत वाजणाऱ्या चाली अमेरिकेंत गेल्या, तेथें त्यांची जाझशीं गांठ पडली, आणि पुढें शंभर वर्षें हा संसार कधीं भांडत तर कधीं गळ्यांत गळा घालून चालला. त्यांत कोणाचें काय गेलें आणि काय राहिलें, हें पाहण्यासारखें आहे.

या चाली वाजविणारांस यिडिश भाषेंत 'क्लेझमर' म्हणत. यिडिश ही तिकडच्या यहुद्यांची घरगुती बोली. अंगानें जर्मन, पण लिहावयाची हिब्रू लिपींत. 'क्लेझमर' या शब्दाचा मूळ हिब्रू अर्थ गाण्याचें साधन, म्हणजे वाद्य. पुढें तो वाजविणाऱ्यासच लागला. शब्द कांहीं फार मानाचा नव्हता. आपल्याकडे 'वाजंत्री' म्हणतांना जो स्वर लागतो, तोच तेथेंहि लागे. धंदा बापाकडून मुलाकडे जाई. लग्नाच्या दिवशीं नवरीला खुर्चीवर बसवून 'बादखन' नांवाचा शाहीर तिला संसाराच्या सुखदुःखाचीं कवनें ऐकवी, आणि फिडलवाला असे कांहीं सूर काढी कीं नवरीसकट भोंवतालच्या साऱ्या बायका डोळे पुशीत. तें रडें आटोपलें कीं तोच मनुष्य त्याच फिडलीवर नाचाची गत धरी! रडें आणि नाच इतके शेजारीं शेजारीं नांदणारें संगीत आम्हांस तरी दुसरें माहीत नाहीं.

त्या सुरांची ठेवण आपल्या कानाला परकी वाटत नाहीं. त्यांतील एका प्रमुख स्वरमालिकेस 'अहावा रब्बा' या प्रार्थनेचें नांव आहे. तिचे स्वर म्हणजे कोमल रिषभ, शुद्ध गांधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत आणि कोमल निषाद. घरीं पेटी असेल त्यांनीं हे स्वर दाबून पाहावे. पूर्वांगांत भैरव आणि उत्तरांगांत भैरवी, म्हणजे बसंतमुखारीची मांडणी त्यांस सांपडेल. स्वर सारखे म्हणून राग सारखा झाला, असें मात्र नव्हे. खरी ओळख पटते ती हरकतींत. क्लॅरिनेट वाजविणारा सूर मध्येंच असा तोडतो कीं हुंदका दाटून आल्याचा भास व्हावा. त्यास ते लोक 'क्रेख्त्स', म्हणजे कण्हणें, म्हणतात. चाल कागदावर उतरवितां येते, हें कण्हणें उतरवितां येत नाहीं. तें जाणत्याच्या शेजारीं बसूनच उचलावें लागतें. पुढील हकीकतींत वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

१८८१ पासून रशियन साम्राज्यांत यहुद्यांवर दंगे आणि जुलूम सुरू झाले, आणि १९२४ च्या कायद्यानें अमेरिकेनें आपलीं दारें बहुतेक लावून घेईपर्यंत वीस लाखांहून अधिक यहुदी समुद्र ओलांडून तेथें गेले. त्यांतच १९२१ सालीं युक्रेनमधून डेव्ह टॅरास नांवाचा एक तरुण क्लॅरिनेटवाला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला. सरकारी आरोग्यखात्यानें सामानाला औषधी वाफारा दिला, त्यांत त्याची क्लॅरिनेट निकामी झाली. बिचारा एका कातडी-केसाळ कपड्यांच्या कारखान्यांत कामाला लागला. वाद्य पुन्हा हातीं आलें तेव्हां मात्र थोड्याच वर्षांत न्यूयॉर्कांतील यहुदी लग्नांचा तो पहिल्या प्रतीचा वादक झाला.

याच शहरांत तेव्हां दुसरें एक संगीत वाढत होतें. कृष्णवर्णी लोकांनीं दुःखांतूनच घडविलेलें, ताल मुद्दाम पुढेंमागें सारणारें आणि प्रत्येक वादकास जागच्या जागीं नवें सुचविण्याची मोकळीक देणारें तें जाझ. यहुदी घरांतल्या मुलांस त्यानें वेड लावलें आणि वडील माणसें धास्तावलीं. १९२७ चा 'द जाझ सिंगर' हा बोलपट याच धास्तीवर उभा आहे. प्रार्थना म्हणणाऱ्या हझानाचा मुलगा (हझान हा शब्द आपल्या बेने इस्राएल शेजाऱ्यांमुळें कित्येक वाचकांस ठाऊक असेल) घर सोडून रंगभूमीवर जातो, आणि बाप मरणशय्येवर असतां प्रायश्चित्ताच्या पवित्र रात्रीं परत येऊन त्याच्या जागीं 'कोल निद्रे' म्हणतो. कथा जरा गोडगोड आहे. पण त्याच चित्रांत कांहीं क्षण दिसणारा खरा हझान योसेले रोझेनब्लाट याची गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. १९१८ सालीं शिकागोच्या संगीतनाट्यमंडळीनें त्यास प्रत्येक प्रयोगास एक हजार डॉलर देऊं केले होते. ते त्यानें धर्मासाठीं नाकारले. बोलपटांतहि तो गायला, परंतु प्रार्थना नव्हे. धर्मविधीबाहेरचें एक गाणें. कोणतें गाणें बाहेर न्यावें आणि कोणतें देवापुढेंच ठेवावें, याची रेघ त्यानें स्वतः ओढली होती.

सर्वांना अशी रेघ ओढतां येत नाहीं, विशेषतः पोट आडवें आलें म्हणजे. शोलोम सिकुंडा या संगीतकारानें १९३२ सालीं एका यिडिश नाटकासाठीं 'बाय मिर बिस्तू शेन' (माझ्या लेखीं तूं सुंदर) या पदाची चाल बांधली. शब्द जेकब जेकब्सचे. नाटक विसरलें गेलें, पद उरलें. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील अपोलो नाट्यगृहांत दोन कृष्णवर्णी गायक तेंच पद यिडिश शब्दांत म्हणत आहेत आणि सारें सभागृह डोलत आहे, हें पाहून सॅमी कॅन या तरुण गीतकारानें तें हेरलें, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. १९३७ सालीं सिकुंडा आणि जेकब्स यांनीं पदाचे सर्व हक्क अवघ्या तीस डॉलरांस विकले आणि ते दोघांत वांटून घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्रजी शब्दांत अँड्र्यूज भगिनींनीं तें गाऊन मुद्रित केलें, आणि अमेरिकाभर दुसरें गाणें ऐकूं येईना! सिकुंडास त्याचे हक्क परत मिळाले ते १९६१ सालीं. त्या चोवीस वर्षांत दुसऱ्यांनीं किती डॉलर मोजले असतील, याचा हिशेब त्यानें मनांतल्या मनांत कितीदां केला असेल, कोण जाणे.

ता. १६ जानेवारी १९३८ रोजीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें, म्हणजे गंभीर पाश्चात्त्य संगीताच्या देव्हाऱ्यांतच म्हणाना, बेनी गुडमनच्या वाद्यवृंदानें जाझ वाजविलें. गुडमन हा गरीब यहुदी शिंप्याचा मुलगा; वाद्याचे पहिले धडे त्यानें शिकागोंतील एका यहुदी प्रार्थनामंदिरांत घेतलेले. त्या रात्रीं सिकुंडाचें हें पदहि झालें, आणि त्याच्या मध्यावर झिगी एलमन या ट्रंपेटवाल्यानें ताल एकदम मोडून लग्नांतल्या नाचाची गत सुरू केली. तिचें मुद्रण आजहि ऐकावयास मिळतें. त्या थोड्या वेळांत ट्रंपेट खरोखरच कण्हते; मग ढोल पुन्हा स्विंगच्या चालीवर येतो आणि सारें सुरळीत होतें. आम्हांस तें सुरळीत होणेंच बोंचतें. पुढें याच एलमननें एक जुनी लग्नाची गत जाझमध्यें आणली. १९३९ सालीं जॉनी मर्सरचे इंग्रजी शब्द बसून ती 'अँड द एंजल्स सिंग' या नांवानें गाजली. देवदूत गाऊं लागले, पण ती नाचाची गत कोणाच्या लग्नांतली, हें ऐकणारांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक होतें.

इकडे हें चाललें असतां तिकडे, जेथून या चाली आल्या, तीं गांवेंच १९३९ ते १९४५ या काळांत हिटलरशाहीनें पुसून टाकलीं. नवरी, बादखन, फिडलवाला, कोणीच मागें राहिलें नाहीं. उरलें तें अमेरिकेंतल्या ध्वनिमुद्रिकांत आणि टॅराससारख्या चारदोघांच्या बोटांत. आणि अमेरिकेंतल्या मुलांना तर आजोबांचीं गाणीं नकोशीं झालेलीं! टॅरासचा जांवई सॅम म्युझिकर हा जीन क्रुपाच्या प्रसिद्ध जाझ वाद्यवृंदांत वाजविलेला कलावंत. सासऱ्यास घेऊन त्यानें १९५५ च्या सुमारास 'टान्झ' नांवाची एक ध्वनिमुद्रिका काढली. जुनी गत जशीच्या तशी, कण्हण्यासकट. मांडणी मात्र जाझच्या जाणकाराची. आमच्या मतें हा या संसारांतला पहिला बरोबरीचा विवाह होय. परंतु ती ध्वनिमुद्रिका कोणी विकत घेतली नाहीं. १९६४ सालीं म्युझिकर वारला; सासरा मागें राहिला.

यानंतर जें घडलें त्याची कोणासच अपेक्षा नव्हती. १९७० नंतरच्या दशकांत कांहीं तरुण स्वतः होऊन या म्हाताऱ्यांचीं दारें ठोठावूं लागले. त्यांत अँडी स्टॅटमन होता. मँडोलिनवर अमेरिकन डोंगरी लोकसंगीत वाजविण्यांत आणि जाझमध्यें हात मुरलेला हा मुलगा टॅरासकडे शिकावयास बसला. १९७८ सालीं न्यूयॉर्कांत टॅरासचा जाहीर कार्यक्रम झाला, १९८४ सालीं अमेरिकन सरकारनें त्यास राष्ट्रीय वारसा-सन्मान दिला, आणि १९८९ सालीं तो वारला. वाफाऱ्यांत क्लॅरिनेट गमावलेल्या त्या मनुष्यानें आपल्या क्लॅरिनेटी या शिष्याच्या हातीं ठेवल्या. स्टॅटमन पुढें जुन्या वळणाचा धर्मनिष्ठ यहुदी झाला. आणि तरीहि १९९७ सालीं हसीद भक्तांच्या शब्दावांचूनच्या भजनी चाली त्यानें जाझच्या पियानो-ढोलासह विस्तारानें वाजविल्या. त्या ऐकतांना चाल कोठें संपली आणि जागच्या जागीं सुचलेलें कोठें सुरू झालें, हें सांगतां येत नाहीं. गुडमनच्या मंचावर जो ताल मोडून पुन्हा जोडावा लागला, तो येथें मोडावाच लागत नाहीं.

यहुदी रक्तावांचून ही विद्या येत नाहीं असें कोणास वाटत असेल, तर त्यानें डॉन बायरनचें वादन ऐकावें. हा कृष्णवर्णी क्लॅरिनेटवादक बोस्टनच्या संगीतविद्यालयांत असतां यहुदी वाद्यवृंदांत बसला, आणि १९९३ सालीं मिकी कॅट्झ या यहुदी विनोदी वादकाच्या गती त्यानें अशा वाजविल्या कीं विनोदाखालचें कठीण काम लोकांस प्रथमच दिसलें. त्याच सुमारास जॉन झॉर्न यानें मृत समुद्राजवळच्या 'मसादा' दुर्गाचें नांव आपल्या चौकडीला देऊन यहुदी स्वरमालिकांत नव्याच चाली रचण्याचा सपाटा लावला. त्यांची एकूण संख्या शेवटीं ६१३ झाली. यहुदी धर्मशास्त्रांत आज्ञा तितक्याच आहेत. त्यांतील कांहीं चाली अतिशय हृद्य आहेत. कांहींत इतका कल्लोळ आहे कीं आमच्या घरांतल्या मंडळींनीं यंत्र बंद करावयास लावलें. तक्रार रास्त होती.

आपल्या कोंकणांत मात्र सारें उलट झालें. तेलाचा घाणा चालविणारे आणि शनिवारीं तो बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्राएल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कीर्तनें करूं लागले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांचीं आख्यानें, आणि तीं साकी, दिंडी, आर्या, ओवी यांत, मराठी भाषेंत! न्यूयॉर्कांत चाल राहिली आणि शब्द गेले. येथें कथा राहिली, चाल शेजाऱ्यांची घेतली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्राएलांत गेलीं, आणि कीर्तनाचीं छापील पुस्तकें कोठें कोठें मागें पडलीं. पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्या पदाचें नांव छापण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. त्या नांवांवरूनच पद कसें म्हणत तें कळतें. अलिबाग, पेण, रेवदंडा या बाजूच्या कोणा वाचकाच्या माळ्यावर असें पुस्तक निघालें, तर तें रद्दींत न घालतां आधीं एखाद्या बेने इस्राएल आजीबाईंस दाखवावें, आणि त्यांनीं म्हणून दाखविलें तर आम्हांस अवश्य लिहावें.