जर्मनीतील सौना क्लब आणि म्हातारपणाची तरतूद

जर्मनीतील सार्वजनिक स्नानगृहांत जो सौना असतो, तिथे स्त्री-पुरुष विवस्त्र बसतात, लाकडी बाकावर अंगाखाली टॉवेल पसरतात आणि तापलेल्या दगडांवर पाणी ओतल्यावर उठणारी वाफ शांतपणे अंगावर घेतात. त्यात लैंगिक असे काही नसते. ‘सौना क्लब’ किंवा ‘एफकेके क्लब’ हा मात्र कायद्याने मान्य केलेल्या देहव्यवसायाचा एक प्रकार आहे. एफकेके ही आद्याक्षरे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत रुजलेल्या विवस्त्र जीवनपद्धतीच्या चळवळीची असली, तरी त्या चळवळीचा या व्यवसायाशी संबंध नावापुरताच आहे.

या क्लबांची आर्थिक रचना समजून घेण्यासारखी आहे. ग्राहक दारात प्रवेशशुल्क भरतो, जे मोठ्या क्लबांत साधारण शंभर युरोंच्या आसपास जाते, आणि त्या बदल्यात त्याला कपाटाची किल्ली, अंगावर घ्यायचा झगा, सौना, तलाव, जेवण व मद्यविरहित पेये मिळतात. तिथे काम करणारी स्त्रीही बहुधा असेच शुल्क भरून आत येते. पुढे त्या दोघांत जो व्यवहार ठरतो, त्याचे पैसे थेट तिच्या हातात पडतात आणि क्लब त्यात पक्षकार नसतो. कागदोपत्री ती क्लबची नोकर नव्हे, तर स्वतंत्र व्यावसायिक असते. कोणत्या दिवशी यायचे आणि कोणाला नकार द्यायचा हे तिने ठरवावे, ही या रचनेची जमेची बाजू आहे आणि अनेक स्त्रियांना ती मोलाची वाटते. परंतु तिच्या म्हातारपणाची जबाबदारी कोणावरच येत नाही, हेही याच रचनेतून निघते.

1 जानेवारी 2002 रोजी अमलात आलेल्या कायद्याने देहव्यवसायातील मोबदल्यावर स्त्रीचा कायदेशीर हक्क मान्य केला. याच कायद्याने तिला नोकरीच्या कराराने काम करण्याची आणि त्या नात्याने सामाजिक विम्यात, म्हणजे आरोग्य, बेकारी व निवृत्तिवेतनाच्या सक्तीच्या विम्यात, सामील होण्याची वाटही मोकळी केली. या वाटेने गेलेल्या स्त्रिया अगदीच थोड्या. पुढे 1 जुलै 2017 पासून लागू झालेल्या दुसऱ्या कायद्याने नोंदणी, आरोग्यविषयक समुपदेशन आणि निरोधाचा वापर सक्तीचा केला, चालकांना परवाना घेणे भाग पाडले आणि कामाच्या प्रत्येक खोलीत मदत मागण्याची यंत्रणा असावी, दार आतून केव्हाही उघडता यावे, अशा बारीकसारीक अटीही घातल्या. खोलीच्या दाराचा इतक्या काळजीने विचार करणाऱ्या कायद्याने निवृत्तीचा प्रश्न मात्र जवळजवळ होता तिथेच ठेवला.

जर्मन निवृत्तिवेतनाचे गणित नोकरदाराच्या बाजूने झुकलेले आहे. पगाराच्या 18.6 टक्के रक्कम विम्यात जाते आणि त्यातील निम्मा वाटा मालक उचलतो. किमान पाच वर्षांचा विमाकाळ भरला की निवृत्तिवेतनाचा हक्क निर्माण होतो, आणि 1964 मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी निवृत्तीचे सर्वसाधारण वय 67 आहे. स्वतंत्र व्यावसायिकाला ऐच्छिक वर्गणी भरता येते, पण ती सगळी स्वतःच्या खिशातून. 2025 साली या वर्गणीची किमान रक्कम महिन्याला 103.42 युरो होती, म्हणजे ग्राहकाच्या एका भेटीच्या प्रवेशशुल्काएवढीच. अशी किमान वर्गणी वर्षभर भरली, तर त्या वर्षीच्या दरांनुसार भावी मासिक निवृत्तिवेतनात जेमतेम साडेपाच युरोंच्या आत भर पडते. वीस वर्षे नेमाने भरूनही हाती महिन्याला शंभर-सव्वाशे युरोच येतील. त्यातच अनेक ठिकाणी क्लबचालक प्रत्येक स्त्रीकडून दर दिवसाला ठरावीक रक्कम कराची आगाऊ वसुली म्हणून घेऊन करखात्याकडे भरतात. या पैशातला एक सेंटही निवृत्तिवेतनात जमा होत नाही, हे जर्मन भाषा धड न येणाऱ्या स्त्रीला कोणी समजावून सांगितल्याशिवाय कसे कळावे?

स्वतंत्र की नोकर, हा प्रश्न न्यायालयातही गेला. बर्लिनमध्ये 2005 साली सुरू झालेल्या ‘आर्टेमिस’ या मोठ्या क्लबवर एप्रिल 2016 मध्ये सुमारे 900 अधिकाऱ्यांनी छापा घातला. तिथल्या स्त्रिया प्रत्यक्षात नोकर असून त्यांच्या सामाजिक विम्याची वर्गणी बुडवली जाते, हा त्यातला एक प्रमुख आरोप होता. परंतु 2018 साली न्यायालयाने खटला चालवण्यासच नकार दिला. स्टुटगार्टजवळच्या एका क्लबचे प्रकरण निराळे होते. तिथल्या चालकाला मानवी तस्करीस साहाय्य व फसवणूक या गुन्ह्यांसाठी 2019 मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. या दोन निकालांकडे पाहता सर्व क्लबांना एकाच मापाने मोजणे योग्य ठरत नाही.

जर्मनीत देहव्यवसायासाठी 2019 अखेर सुमारे 40,400 व्यक्तींची अधिकृत नोंदणी होती; महासाथीत क्लब बंद झाले आणि वर्षभरात हा आकडा 24,900 वर आला. 2023 अखेर तो 30,600 च्या घरात होता. त्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिक व्यक्ती रोमानियाच्या, तर जर्मन नागरिक पाचव्या हिश्शाहूनही कमी होते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार वेगवेगळ्या सदस्य देशांतले विमाकाळ एकत्र जोडता येतात, त्यामुळे रोमानियात केलेल्या नोकरीची वर्षे वाया जात नाहीत. पण जर्मनीतल्या क्लबात घालवलेल्या वर्षांत वर्गणीच भरलेली नसेल, तर तिथे जोडायला काही उरत नाही. जर्मनीतच वृद्धत्व आलेल्या स्त्रीला गरज सिद्ध झाल्यावर सरकारी किमान आधार मिळू शकतो; मायदेशी परतलेल्या स्त्रीला तोही नाही.

नोंदणीच्या वेळी प्रत्येक स्त्रीशी अधिकाऱ्याने माहितीपर संभाषण करावे, असे 2017 चा कायदा सांगतो. त्यात आजारपणाचा विमा, संकटातली मदत आणि कर यांची माहिती द्यावी लागते. सामाजिक सुरक्षेची माहिती मात्र ‘नोकरी असल्यास’ एवढ्यापुरतीच सक्तीची आहे, आणि ती नोकरी जवळपास कोणाकडेच नाही. ऐच्छिक वर्गणी किती, ती कुठे भरायची आणि पाच वर्षे पुरी करणे का महत्त्वाचे, हे त्याच बैठकीत स्त्रीला तिच्या भाषेत सांगायला फार तर दहा मिनिटे लागतील. या कायद्यात दुरुस्ती करायचीच असेल, तर ती या कलमापासून सुरू व्हायला हवी.