काळा सडा ते हिरवा घाट: पालीच्या तिठ्यावरून जाणारी वाट

पाली म्हटलं की बहुतेकांना बल्लाळेश्वर आठवतो. ते पाली रायगड जिल्ह्यातलं. रत्नागिरी तालुक्यातलं पाली वेगळं. मुंबई-गोवा महामार्गावर, हातखंब्याच्या दक्षिणेला आणि रत्नागिरी शहरापासून वीसेक किलोमीटरवर हे गाव आहे. अनेकांनी ते पाहिलेलं असतं, पण एसटीच्या खिडकीतून. बाजारपेठेत गाडी थांबते, चार माणसं उतरतात, दोन चढतात आणि मग रस्ते फुटतात. एक दक्षिणेला लांजा-राजापूरकडे जातो, दुसरा पूर्वेला साखरपा, आंबा घाट करत कोल्हापूरला. या तिठ्यावर उतरून पश्चिमेला एक आणि पूर्वेला एक असे दोन दिवस काढले, तर कोकणातली एक विलक्षण वाट गाडीने पुरी करता येते.

रखरखीत प्रदेशातून निघून दाट डोंगरी जंगलात पोचायचं, ही गाडीवेड्यांची जुनी हौस. त्यासाठी लोक राजस्थान गाठतात, हिमालय गाठतात, हजारो किलोमीटर तुडवतात. रत्नागिरीत समुद्रकाठच्या कातळसड्यावरून, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरून निघालं, तर सत्तर-ऐंशी किलोमीटरमध्ये सदाहरित रानात शिरता येतं. एप्रिल-मे महिन्यात इथल्या सड्यावर उभं राहिलेल्याला वाळवंट शोधायला लांब जावं लागत नाही. नजर पोचेल तिथवर काळाभोर कातळ, मधे वाळलेलं गवत, एखादं खुरटं झुडूप आणि पायांखालून वर येणारी धग. सावली म्हणून नाही.

गंमत अशी की या वाळवंटाला पावसाची कमतरता नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पडलेलं पाणी सड्यावर टिकत नाही, ही खरी अडचण. कारण इथला कातळ जांभ्याचा. जांभा म्हणजे मूळच्या काळ्या बेसाल्ट खडकातले विरघळणारे घटक लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन नेल्यावर मागे उरलेला, लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेला खडक. वरचं कवच कठीण, त्याखाली सच्छिद्र थर आणि तळाला मऊ चिकणमाती. सड्यावर पडलेलं पाणी एक तर वाहून जातं, नाहीतर भेगांतून खाली उतरून सड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपात बाहेर येतं. म्हणून पायथ्याच्या वाडीतल्या विहिरीला पाणी असतं आणि वरच्या सड्यावर मार्चमध्येच सगळं कोरडंठाक. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा पोटखराब म्हणून होते.

वाटेची सुरुवात करावी ती निवळी फाटा ते गणपतीपुळे रस्त्याच्या आसपासच्या सड्यांवरून. जाकादेवी, जांभरुण, उक्षी ही गावं त्याच परिसरातली. मुख्य डांबरी रस्ता सोडला की वाडीवाडीला जोडणारे लाल मातीचे रस्ते लागतात. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मधूनच चिरेखाणीकडे वळणाऱ्या ट्रकच्या चाकोऱ्या, एखादा पऱ्या, त्यावरचा अरुंद साकव. उन्हाळ्यात हे रस्ते साध्या गाडीलाही जमतात, फक्त गाडीचं पोट जमिनीपासून जरा उंच हवं. पावसात लाल चिखल टायरच्या खाचा भरून टाकतो आणि टायर गुळगुळीत होऊन बसतात. तिथे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, लहान गिअर आणि ब्रेकवर न नाचणारा पाय लागतो. चिरेखाणीच्या वाटेवर तर अंधारात जाऊच नये. पंधरा-वीस फूट खोल, सरळ कापलेली, कठडा नसलेली खाण अगदी रस्त्याला लागून असते.

या सड्यांवर गेल्या काही वर्षांत कोकणचा इतिहास मागे ढकलणारी गोष्ट उजेडात आली आहे, ती म्हणजे कातळशिल्पं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून ती शोधली. माणसं, मासे, पक्षी, हत्ती, वाघ आणि आज कोकणात कुठेही नसलेला गेंडासुद्धा जांभ्यावर कोरलेला आहे. अभ्यासक यातल्या काहींचा काळ मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत 2022 मध्ये या शिल्पांचा समावेश झाला. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणं आहेत आणि उक्षी, जांभरुण त्यांपैकी दोन. उक्षीचा हत्ती आता जांभ्याच्या भिंतीने राखला आहे, तो भिंतीबाहेरून नीट पाहता येतो. जांभरुणला अनेक आकृत्या एकमेकींच्या शेजारी दाटीने कोरलेल्या आहेत.

सड्यावर गाडी चालवण्याचा पहिला नियम इथूनच येतो: चाकोरी सोडून कातळावर चाक घालायचं नाही. मोकळा सडा पाहिला की तो फुकटचं मैदान वाटतो आणि गाडी गोल गोल फिरवण्याचा मोह होतो. पण शिल्पाची रेषा जेमतेम बोटभर खोल असू शकते आणि वाळलेल्या गवताखाली ती दिसतही नाही. जून-जुलैत तर हा सडाच बदलून जातो. कातळाच्या खळग्यांत साठलेल्या बोटभर मातीवर दीपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात. ही वनस्पती जगात मोजक्याच भागात सापडते आणि रत्नागिरीचे सडे हे तिचं महत्त्वाचं घर. पुढे सीतेची आसवं, गेंद, तेरडा यांचे गालिचे पसरतात. एका गाडीने दोन फेऱ्या मारल्या तरी तो बोटभर थर खरवडून निघतो. शिवाय पोटखराब असला तरी सडा कुणाच्या तरी मालकीचा असतो. वाडीत उतरून विचारावं. बहुतेक वेळा परवानगी मिळते आणि सोबत वाट दाखवायला पोरगाही मिळतो.

निवळीहून हातखंबा आणि तिथून पाली. इथलं ग्रामदैवत लक्ष्मीपल्लीनाथ. देवळात घटकाभर बसावं, बाजारपेठेत पोटात काही टाकावं, डिझेल-पेट्रोल भरून घ्यावं आणि टायरमधली हवा तपासावी. पालीचा उपयोग प्रवाशाला पिढ्यान्‌पिढ्या असाच होत आला आहे. बंदर आणि घाट यांच्या मधला हा थांबा. आज रत्नागिरीहून निघून कोल्हापूरमार्गे सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 166 इथेच मुंबई-गोवा महामार्गापासून वेगळा होतो.

पाली सोडलं की नाणीज, दाभोळे, साखरपा ही गावं ओळीने येतात. नाणीजला नरेंद्राचार्य महाराजांच्या पीठामुळे राज्यभरातून भाविक येतात. या टप्प्यात नजर रस्त्याच्या कडेला ठेवली तर सडा हळूहळू मागे पडताना दिसतो. आधी हापूसची कलमं आणि काजूच्या बागा. त्यातल्या बऱ्याच बागा माणसाने सुरुंग लावून, कातळ फोडून, खड्ड्यांत बाहेरून माती आणून उभ्या केल्या आहेत. मग उतारांवर ऐन, किंजळ, कुंभा दिसू लागतात. खाली खाचरं, वर कवळतोडीने बोडकी झालेली झाडं. भातशेतीच्या भाजावळीसाठी फांद्या तोडण्याची रीत जुनी आहे, आणि अशा झाडांचा बुटका, गाठाळ आकार लगेच ओळखू येतो. काजळी नदीचं खोरं इथून जवळ. आंबा-विशाळगडच्या डोंगरांत उगम पावलेली ही नदी रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. म्हणजे आपण गाडीने जी वाट चढतो, जवळपास तीच वाट ती उतरते.

हाताशी वेळ असेल तर साखरप्याच्या अलीकडे-पलीकडे आडवाटा बऱ्याच आहेत. देवरुखच्या बाजूने मारळला गेलं की सह्याद्रीच्या कड्यात मार्लेश्वरची गुहा आणि शेजारी धारेश्वर धबधबा. मकरसंक्रांतीला या मार्लेश्वराचं लग्न लागतं ते साखरप्याच्या गिरिजादेवीशी. नवरीची पालखी साखरप्याहून डोंगराकडे निघते. या सगळ्या मुलखाची नातीगोती त्या एका लग्नात दिसतात.

मुर्शी, दख्खन ही गावं मागे पडली की आंबा घाट सुरू होतो. गायमुख, चक्रीवळण, कळकदरा ही घाटातली नावं ट्रकचालकांना तोंडपाठ. पावसाळ्यात प्रत्येक वळणावर पाण्याचा लोट आणि मधेमधे अंगावर येणारं धुकं. जुलै 2021 मधल्या अतिवृष्टीत इथे दरडी कोसळल्या, रस्ता खचला आणि अवजड वाहतूक काही महिने बंद राहिली. चौपदरीकरणासाठी डोंगर कापले गेल्याने पायथ्याकडचा मुलूख आता ओळखू येत नाही. कापलेला डोंगर अजून बसलेला नाही, त्यामुळे मोठ्या पावसात या वाटेला घाई करू नये. धुक्यात हेडलाइटचा मोठा झोत लावणं, वळणावर ओव्हरटेक करणं आणि धबधब्याखाली गाडी थांबवून फोटो काढणं, घाटातल्या अपघातांना एवढी कारणं पुरतात.

घाट चढून गेल्यावर कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातलं आंबा गाव येतं. हवा एकदम बदलते. अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा यांची दाटी, खोडांवर शेवाळ, खाली वर्षानुवर्षांच्या पाचोळ्याची गादी. पाऊस सड्यावरही पडतो, पण इथे मुळं, पाचोळा आणि सावली त्याला धरून ठेवतात, हळूहळू सोडतात. सडा आणि रान यांच्यातला सगळा फरक पाणी अडवणाऱ्या त्या थराचा आहे. आणि तो थर राखला गेला याला निसर्गाइतकीच माणसंही कारण आहेत. गावाजवळची अंबेश्वराची देवराई त्याची साक्ष. देवाच्या धाकाने तिथे कुऱ्हाड चालली नाही. शेकरू, गवा, धनेश, बिबट्या यांचा हा प्रदेश. उत्तरेला चांदोलीचं रान आहे, जे 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

आंब्याजवळ सह्याद्रीची धार ओलांडली की पाण्याची दिशाही बदलते. पश्चिमेला ओघळलेला थेंब काजळीतून अरबी समुद्रात. पूर्वेचा थेंब कडवी नदीत, तिथून वारणा, मग कृष्णा, आणि थेट बंगालच्या उपसागरात.

आंब्याहून मानोलीच्या तलावाकडे आणि पुढे पावनखिंड, गजापूर, विशाळगडकडे जाणारा रस्ता अरुंद आहे, जंगलातून जातो. हे रान नुसतं देखणं नाही. 1453 मध्ये बहमनी सरदार मलिक-उत्-तुजार विशाळगडाच्या, म्हणजे तेव्हाच्या खेळण्याच्या, मोहिमेवर याच मुलखात शिरला आणि शिर्के-मोऱ्यांनी त्याच्या फौजेची दाणादाण उडवली. सूर्यही दिसणार नाही एवढं दाट रान, असं या रानाचं वर्णन इतिहासकार फरिश्त्याने केलं आहे. जुलै 1660 मध्ये पन्हाळ्याहून निसटलेले शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली, ती पावनखिंड इथेच. चांगल्या रस्त्याने, काच वर करून जाणाऱ्याला भर पावसात, रात्री, पालखीमागे धावत आलेल्या माणसांची ती वाट कितीशी कळणार? खिंडीत तरी गाडी सोडून पायी उतरावं.

या रानात रस्त्याबाहेर गाडी घालणं हा गुन्हा आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय जंगलवाटांवर चाक जाता कामा नये. ऑफरोडिंगचं कौशल्य गाडी कुठे नेता येते यावरून मोजतात. पाली ते आंबा या वाटेवर ते गाडी कुठे थांबवली यावरून मोजावं. सड्यावर चाकोरीच्या आत, रानात डांबराच्या कडेला.

कसे जाल: रत्नागिरी रेल्वे स्थानकाहून पालीला एसटी, रिक्षा मिळतात. स्वतःची गाडी असेल तर निवळी, हातखंबा, पाली, साखरपा, आंबा हा क्रम ठेवा. आंब्यापासून कोल्हापूर साधारण पासष्ट किलोमीटर.

केव्हा जाल: सड्याचं वाळवंट पाहायचं तर एप्रिल-मे, पण कातळावर पहाटे किंवा उन्हं कलल्यावरच जा. फुलांसाठी जून ते सप्टेंबर. दोन्ही टोकं एका फेरीत बघायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. तेव्हा सडा वाळू लागलेला असतो आणि घाटातलं पाणी अजून आटलेलं नसतं.

काय लक्षात ठेवाल: पाली सोडताना टाकी भरा, पाण्याचे कॅन सोबत घ्या. घाटात आणि रानात मोबाइलला रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. मोठ्या पावसात घाट सुरू आहे ना, हे पालीतच विचारून पुढे निघा. विशाळगडावरच्या प्रवेशाचे नियम बदलतात, त्यांचीही चौकशी करा. कातळशिल्पांवर पाणी, खडू, रंग काही ओतू नका. तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी, ती आपोआप उठून दिसतात.