लिलावात खेळाडू मिळतो, संघ मात्र सब्राने घडतो

चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडून थोडे चालले की महिंद्रा हॉकी स्टेडियम लागते. अंधेरी-बोरिवलीहून, घाटकोपर-मुलुंडहून लोकलच्या गर्दीत स्टिक सांभाळत मुले येथवर येतात. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली, तेव्हा याच मैदानावर मुंबईचा व्यावसायिक संघ उभा राहिला : मुंबई मॅजिशियन्स.

सुरुवात दिमाखात झाली. पेनल्टी कॉर्नरचा नामवंत खेळाडू संदीप सिंग ६४,४०० डॉलरना घेतला. पण स्पर्धा सुरू होताच सीमेवरील तणावामुळे लीगमधील ९ पाकिस्तानी खेळाडूंना मायदेशी परतावे लागले. त्यांतले चौघे एकट्या मुंबईचे होते. ऐनवेळी पडलेले हे भगदाड बुजवणे सोपे नव्हते. पाच संघांत मुंबई शेवटची आली. पुढच्या वर्षीही तेच झाले आणि संघच बंद पडला.

२०१५ मध्ये नव्या मालकांनी ‘दबंग मुंबई’ उभारली. मोडलेला संघ पुन्हा बांधायचा तर आधी कणा हवा : भरवशाचा गोलरक्षक, पेनल्टी कॉर्नर मारणारा एक, पुढच्या फळीत गोल करणारा एक. आयर्लंडचा डेव्हिड हार्ट गोलपोस्टमध्ये आला, जर्मनीचा फ्लोरियन फुक्स आघाडीला खेळला. आणि अमृतसरजवळच्या शेतकरी कुटुंबातल्या, अवघ्या १९ वर्षांच्या हरमनप्रीत सिंगवर ५१,००० डॉलर लावले गेले. तेव्हा तो भारताच्या वरिष्ठ संघातून नुकताच खेळू लागला होता.

फळ लगेच मिळाले नाही. पहिली दोन वर्षे संघ उपांत्य फेरीबाहेरच राहिला. तरी हा कणा मोडला नाही. २०१७ मध्ये दबंग मुंबईने अंतिम फेरी गाठली. चंदीगडला कलिंगा लान्सर्सकडून १-४ अशी हार झाली खरी, पण तळाचा संघ शिखराजवळ पोहोचला होता. हरमनप्रीत तर पुढे भारताचा कर्णधार झाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १० गोल करून त्याने देशाला कांस्यपदक मिळवून दिले.

त्या हंगामानंतर लीग थांबली. २०२४ च्या अखेरीस ती परतली, तेव्हा आठ पुरुष संघांत मुंबईचा संघ नव्हता. तेव्हाच्या नियमांनुसार प्रत्येक संघाकडे ४ कोटी रुपये आणि २४ खेळाडू होते. त्यांत किमान चार ज्युनियर खेळाडू घेणे सक्तीचे होते.

आई-वडिलांसाठी मोलाची गोष्ट हीच. लिलावाच्या यादीत नाव येण्याआधी शाळा, क्लब, राज्य आणि देशाचा ज्युनियर संघ या पायऱ्या चढाव्या लागतात. मुंबईत पहिल्या पायरीवर मर्झबान पटेल यांच्यासारखे प्रशिक्षक आयुष्यभर उभे राहिले. विरेन रस्किन्हा, युवराज वाल्मीकी त्यांच्याच हाताखाली घडले. २०१९ मध्ये पटेलांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

मुंबईचा संघ आज नाही, म्हणून आपल्या मुला-मुलींची स्टिक माळ्यावर टाकू नका. संघ उद्या पुन्हा उभा राहील. पण त्या दिवशी त्यात उपनगरातले एखादे नाव असायचे असेल, तर ते मूल आज मैदानावर असायला हवे. अभ्यास सांभाळून त्याला तेवढा वेळ द्या, आणि पहिल्या दोन हंगामांत निकाल मागू नका.